तांबडी

तांबडीला भेटायचं तर दिवाळीच्या पाडव्याला भेटावं. त्या दिवशी ती कोरी असते, अंगाला नव्या कापडाचा आणि खळीचा वास असतो आणि स्वभावही त्या मानानं मऊ असतो. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर झेंडूखाली बसून तिनं हळदीकुंकवाची बोटं लावून घेतलेली असतात. पहिल्या पानावर अण्णांनी 'श्री' काढलेला असतो. तेवढा एक दिवस ती कुणाचं काही बोलत नाही. नंतर दुकानाच्या फळ्या निघाल्या की सुरू होते, ती पुढच्या दिवाळीपर्यंत.

तांबडी म्हणजे आमच्या दुकानाची खतावणी. सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. आजोबांनी घातलं, अण्णांनी वाढवलं, आता दादा बघतो. तांबडी हातभर लांब, खारव्याच्या लाल कापडात बांधलेली, दोरीनं गुंडाळून ठेवायची. पानांवर छापील रेघा नाहीत. कागद आठ पदरी दुमडून उलगडलेला, त्या घड्या हेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मधल्या घडीच्या दोन्ही अंगांना या दोन बाजू एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारख्या बसतात. वर्षातून एकदा, ताळा घालताना, दोघींना समोरासमोर यावंच लागतं.

पेठेत दर दुकानात अशी एकेक होती. आमची जरा जास्तच करारी. तिला विशेषणं चालत नाहीत. 'माणूस फार गरजू आहे', 'पुढच्या महिन्यात नक्की देतो' असलं काही लिहायला तिच्यात जागाच नाही. नाव, मिती, रक्कम, बस्स. कुणाचा बैल गेला, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाची हळद हरिपूरच्या पेवात कुजली. तांबडीनं त्यातलं एवढंच टिपलं, की त्या महिन्यात जमेच्या बाजूला काही आलं नाही. अण्णांना मात्र तेवढ्यावरून सगळं कळायचं. एखाद्याची जमा तीन महिने पांढरी राहिली की ते त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे. पैशांचा विषय काढायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात पैसे यायचे, किंवा माणूस स्वतः येऊन अडचण सांगायचा.

दर पाडव्याला ती कात टाकते. जुनी मिटते, बासनात बांधून माळ्यावर जाते, नवी उघडते. ज्यांचा हिशेब मिटला, त्यांची नावं जुनीबरोबरच माळ्यावर जातात. ज्यांच्याकडे बाकी आहे, तेवढीच खाती अण्णा एकेक करून नव्या वहीत उतरवतात, डोक्यावर 'मागील बाकी' असं लिहून. दोन-तीन तास हे काम चालतं आणि तेवढा वेळ अण्णांशी कुणी बोलायचं नसतं.

माळ्यावरच्या बासनांना स्वतःचा इतिहास आहे. काहींच्या कडेला २००५ च्या पुरानं मातकट रेघ ओढली आहे. २०१९ च्या ऑगस्टात पेठेत पाणी शिरलं, तेव्हा दादानं आधी साखरेची पोती वर चढवायला घेतली आणि अण्णांनी बासनं. दोघंही आपापल्या परीनं माल वाचवत होते. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि दुकानाचा खरा हिशेब टॅलीत गेला, सीए आला, पावत्या छापील झाल्या. तांबडी रीतसर निवृत्त झाली. पण निवृत्त झालेली सासू जशी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसते, तशी ती गल्ल्याशेजारी बसून राहिली. चार जुनी गिऱ्हाइकं आणि घरचे व्यवहार अजून तिच्यातच. घरात एसी लावायचा का, दादानं गाडी बदलायची का, या प्रश्नांना अण्णांचं उत्तर ठरलेलं: "तांबडीला विचारू."

तांबडीची मला पहिली भीती वाटली ती २००३ च्या नोव्हेंबरात.

मी बी.कॉम. झाले होते आणि मला एमबीए करायचं होतं. कॅटची परीक्षा तेव्हा कागदावर व्हायची. पेन्सिलीनं गोल काळे करायचे. २३ नोव्हेंबरला पुण्यात जाऊन मी ते करून आले आणि पाठोपाठ टीव्हीवर बातमी आली, पेपर फुटला, परीक्षा रद्द. फेरपरीक्षा ठरली १५ फेब्रुवारी २००४. देशात तेव्हा सहाच आयआयएम होती आणि त्यांची फी वर्षाला दीड लाख. अण्णांनी आकडा ऐकून मान हलवली होती, होकाराची की नकाराची ते कळलं नव्हतं. तेवढ्यात, फेरपरीक्षेच्या काही दिवस आधी, केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री मुरली मनोहर जोशी यांच्या खात्यानं फर्मान काढलं: दीड लाखाची फी तीस हजार करा.

मी नाचतच दुकानात गेले. अण्णा तूरडाळीचा नमुना तळहातावर घेऊन बघत होते.

"एक लाख वीस हजार कमी झाले, अण्णा!"

"कमी झाले, की दुसऱ्याच्या नावे पडले?"

"सरकार देणार."

"सरकारकडं कुठनं येणार?" त्यांनी डाळ परत पोत्यात टाकली. बाहेर हमाल गाडी उतरवत होते. त्यांच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे थोडे ह्यांच्याही नावे."

गंमत म्हणजे पुढचे काही महिने वर्तमानपत्रांत हाच वाद चालला. फी कमी होतेय म्हणून खूश व्हायचं सोडून आयआयएममधले प्राध्यापक आणि विद्यार्थीसुद्धा विरोधात उभे राहिले. फी सरकारनं भरली की हुकूमही सरकारचा चालणार, ही त्यांची धास्ती. मे महिन्यात सरकार बदललं, नवे मंत्री अर्जुनसिंह आले आणि ते फर्मान मागे घेतलं गेलं. माझ्यापुरता हा सगळा वाद कागदावरच राहिला, कारण मला एकाही आयआयएमचं बोलावणं आलं नाही. पण 'कुणाच्या नावे' हा प्रश्न मात्र त्या दिवशी दुकानात माझ्या कानात गेला, तो गेलाच.

मग सीईटीतून पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. दोन वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तकं मिळून १ लाख १० हजार. अण्णांनी पैसे दिले, एका शब्दानं कुरकुर केली नाही, आणि त्याच रात्री तांबडीत माझ्या नावाचं खातं उघडलं. पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, जसं गिऱ्हाइकाचं उघडतात. अलीकडच्या पानावर कवठेपिरानचा एक शेतकरी, पलीकडे पापडाच्या धंद्यातल्या एक मावशी, मधे मी. नावे रु. १,१०,०००.

मी चिडले. "दादाला मोटारसायकल घेतलीत, तिचं खातं नाही. माझंच का?"

"मोटारसायकल झिजते, तिच्यावर घसारा धरायचा," अण्णा म्हणाले. "खातं माणसाचं असतं."

२००६ मध्ये पुण्यात नोकरी लागली आणि मी हट्टानं ते पैसे फेडायला घेतले. दर महिन्याला पाच हजार, कधी तीन. अण्णा प्रत्येक रक्कम जमेच्या बाजूला लिहायचे, तारखेसह. २००८ च्या उन्हाळ्यात मी शेवटची रक्कम घेऊन आले. त्यांनी नोटा मोजल्या, सुटे मोजले, आणि त्यातला एक रुपया माझ्याकडे सरकवला. "हा राहू दे." वहीत लिहिलं ते एक रुपया कमी धरून. मला वाटलं, म्हाताऱ्याचा व्यापारी हिशेब. पोरीला पुरतं मोकळं करायचं नाही. त्याच वर्षी अहमदाबादच्या आयआयएमनं दोन वर्षांची फी सव्वाचार लाखांच्या आसपासची होती ती थेट साडेअकरा लाखांवर नेली. ती बातमी वाचून अण्णांनी मला फोन केला होता, "वेळेत उरकलीस."

आता २०२५. माझी भाची वालचंद कॉलेजमधून इंजिनिअर झालेली, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी करते आहे, आणि तिला एमबीए करायचंय. मे महिन्यातल्या एका शनिवारी ती सांगलीला आली, तिनं मलाही बोलावून घेतलं आणि जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. चौदा रकाने, चार रंग, आपोआप बदलणारे आकडे. अण्णांनी चष्मा सावरून सगळं बघितलं.

"छान केलंयस. आता तांबडीत मांड."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग ती तांबडी मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. माझ्या वेळची फी बघायची म्हणून तिनं दादाकडून माळ्यावरची जुनी बासनंही खाली काढवून घेतली होती. धुळीचा आणि हळदीचा वास खोलीभर झाला.

यादीच्या वरची दोन नावं तिनं आधीच खोडली होती. एक दिल्ली विद्यापीठाचं एफएमएस, १९५४ पासूनचं, जिथं दोन वर्षांची फी अजूनही दोन-अडीच लाखांच्या घरात आहे. दुसरं मुंबई विद्यापीठाचं जमनालाल बजाज, चर्चगेटचं, १९६५ पासूनचं. तेही आयआयएमच्या मानानं पुष्कळच स्वस्त.

"चांगली आणि स्वस्त, मग खोडलीस का?"

"म्हणूनच अख्खा देश तिथं रांगेत असतो, अण्णा. माझे गुण पुरले नाहीत."

तांबडीला हे लगेच पटलं. रेशनचा गहू स्वस्त असतो, पण त्याला कार्ड लागतं.

उरले तीन. एक नव्या आयआयएमपैकी; आता ती वीसच्या वर झाली आहेत, महाराष्ट्रातच नागपूरचं २०१५ चं आणि पूर्वीचं निटी होतं ते २०२३ पासून मुंबईचं. तिला मिळालेलं दुसऱ्या राज्यातलं. वसतिगृह आणि जेवण धरून २२ लाख. दुसरी मुंबईतली सीईटीची एक संस्था, फी सात लाख, राहणं आपलं आपण. तिसरी पुण्यातली एक खासगी संस्था, गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिकेची. भाचीनं तीन घड्यांवर तीन नावं लिहिली, आणि थोडं थांबून चौथ्या घडीवर लिहिलं: 'काहीच न करणे'.

अण्णा त्या चौथ्या रकान्याकडे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले काही नाही.

आधी त्यांनी आपला एक वेगळाच हिशेब केला. २००४ मध्ये सोनं तोळ्याला सहा हजारांच्या आसपास होतं. अहमदाबादची दोन वर्षांची फी तेव्हा तीन लाख, म्हणजे पन्नास तोळे. आता तिथं पंचवीस लाखांच्या पुढे लागतात आणि सोनं या एप्रिलमध्ये लाखाला टेकलं. "पंचवीस-सव्वीस तोळे. सोन्यात मोजलं तर फी निम्म्यावर आली की गं!"

"पगार सोन्यात नाही मिळत, अण्णा."

ते हसले. "बरोबर. पुढं लिही."

तिनं २२ लाखांखाली न मिळणारा पगार लिहिला. हातात महिना ४८ हजार, चोवीस महिन्यांचे ११ लाख ५२ हजार. बेरीज साडेतेहेतीस लाख. अण्णांनी बोट ठेवलं.

"बावीस लाखांत जेवण आहे?"

"आहे. राहणं-जेवण मिळून तीन लाख."

"आणि नोकरी केली असतीस तर हवा खाऊन राहिली असतीस? जेवण दोनदा धरलंस."

तीन लाख वजा झाले. साडेतीस. चौदा रकान्यांच्या तक्त्यात ही चूक राहिली होती, कारण तक्त्याला भूक लागत नाही. मुंबईच्या रकान्यातही तेच झालं होतं, तिथंही दुरुस्ती झाली.

मग कर्ज. दोन लाख घरचे, वीस लाख बँकेचे. मंजुरीच्या कागदावर साडेनऊ टक्के दर होता. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, हे वाक्य भाचीनं मोठ्यानं वाचलं. अण्णांनी विचारलं, "व्याजालाही सुट्टी आहे?" नव्हती. दर सहामाहीला पाच लाख बँक भरणार. पहिले पाच लाख तीन वर्षं व्याज खाणार, दुसरे अडीच, तिसरे दोन, चौथे दीड. अण्णांनी सरळ व्याज तोंडी केलं आणि भाचीनं मोबाइलवर. दोघांचंही ४ लाख २७ हजार ५०० आलं. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी वीस लाखांचे सव्वाचोवीस लाखांवर झालेले असणार. त्यावर दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे ३१ हजार ४००. सगळे हप्ते मिळवले तर ३७ लाख ६९ हजार.

खोलीत थोडा वेळ पंख्याचाच आवाज होता. वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"घाबरायचं नाही," अण्णा म्हणाले. "मुद्दल-व्याजाला घाबरला तो भुसार काय करणार? हप्ता कशातून जाणार ते बघू."

कर्जाच्या कागदातच त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. आयआयएमसाठी बँकेनं काही तारण मागितलं नव्हतं. बँकांकडे अशा निवडक संस्थांच्या याद्या असतात. पुण्याच्या खासगी संस्थेसाठी त्याच बँकेला दुकानाचे कागद हवे होते. अण्णांनी तिसऱ्या घडीवर एक बारीक फुली मारली. "सावकार ज्याला बिनतारण देतो, त्याची पत सावकारानं आधीच काढलेली असते. आपण फुकटात बघून घ्यायची." सरकारी सवलतींचाही विषय निघाला. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला ठरावीक संस्थांसाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर केंद्राची तीन टक्के व्याजसवलत आहे, ठरलेल्या प्रवर्गांतल्या मुलींना राज्याची फीमाफी आहे. आमचं घर त्या रेषेच्या थोडं वर. तांबडीनं तो विषय एका ओळीत मिटवला.

आता जमेची बाजू. भाचीनं गुळगुळीत पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात सर्वांत मोठं पॅकेज होतं, आकड्याशेजारी एक हसणारा मुलगा टाय लावून उभा. अण्णांनी पुस्तिका हातात घेतली नाही. शेजारी पडलेलं वर्तमानपत्र उघडलं आणि बाजारभावाच्या चौकटीवर बोट ठेवलं. हळद, राजापुरी: किमान, कमाल, सर्वसाधारण.

"कमाल दर पेपरात छापून येतो. ज्याला मिळाला त्याचा फेटा बांधून सत्कार होतो. पण गाडी भरून हळद आणणारा शेतकरी घरी काय घेऊन जातो? सर्वसाधारण. तुझ्या ह्या पोराच्या शेजारी सर्वसाधारण कुठं लिहिलाय?"

लिहिला नव्हता. सरासरी होती. भाचीनं त्यांना सांगितलं, की शंभरात दोघांना परदेशी मोठ्या नोकऱ्या लागल्या तर सरासरी फुगते. खरा आकडा मध्यक, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मधल्याचा. अण्णांना हे शिकवावं लागलं नाही. पोत्याच्या तोंडाशी निवडक माल लावलेला असतो, म्हणून लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून नमुना काढतात. मध्यक म्हणजे ती नळी. भाचीनं त्या संस्थेत फोन करून मध्यक विचारला होता आणि किती मुलं प्लेसमेंटला बसलीच नाहीत तेही. उत्तर मिळालं होतं, "मॅडम, आपण एकदा कॅम्पस बघायला या ना." तिसऱ्या घडीवरची फुली अण्णांनी ठळक केली.

आयआयएमचा अहवाल वेगळा होता. असे अहवाल कसे लिहायचे, कोणते आकडे द्यायचे, याचे नियम अहमदाबादनं पुढाकार घेऊन तयार केले होते आणि बऱ्याच संस्था त्याप्रमाणे अहवाल तपासूनही घेतात. त्यात मध्यक होता, सोळा लाख.

"महिन्याला सव्वा लाखाच्या वर," वहिनी आतून म्हणाली. ती ऐकत होती तर.

"बारदान वजा कर," अण्णा म्हणाले.

भाचीला बारदान माहीत नव्हतं. मी सांगितलं, पोतं वजनाला टाकताना गोणपाटासकट टाकतात, ते ढोबळ वजन. गोणपाटाचं वजा केलं की निव्वळ. कंपनीचा आकडा ढोबळ असतो. त्यात कंपनीनं भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, मिळाला तर मिळणारा बोनस असतो, एकदाच मिळणारी रुजू होतानाची रक्कम असते. हे माझं रोजचंच काम. माझ्या कचेरीत मी नव्या मुलांच्या हातात पहिल्या महिन्याची पगारपावती देते आणि त्यांचे चेहरे बघते. सगळं वजा जाता हातात लाखाच्या आसपास. ३१ हजार ४०० त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत होते, जेमतेम.

"सर्वसाधारण दरानं बसतंय ना? मग सौदा होऊ शकतो," अण्णा म्हणाले. "कमाल दर धरून बसवलास तर तो जुगार."

मुंबईचा रकाना आकड्यांत सरळ सरळ हलका होता. पण तिथं एक गोम होती. सीईटीच्या प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात, आणि आयआयएमला होकाराची रक्कम भरायची मुदत पुढच्या आठवड्यात. ती रक्कम भरायची, आणि नंतर मुंबई मिळाली तर परत मिळेल की नाही हे बारीक अक्षरात कुठंतरी. भाची दोन दिवस याच विचारात होती. अण्णांना तो प्रश्नच वाटला नाही. "इसार आहे तो. भर. बुडाला तर बुडीत खात्यात टाकू. हातचा सौदा सोडून पुढच्या बाजाराची वाट बघत बसणाऱ्यांची पेवं मी उघडलेली बघितलीत."

राहिला चौथा रकाना. काहीच न करणे. भाची पेन हातात धरून बसली. "अण्णा, हा कसा लिहायचा? यात काही घडतच नाही. नुसता पगार येतोय, थोडा थोडा वाढतोय."

तांबडीची खरी पंचाईत मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. झालेल्या व्यवहाराची तिच्याइतकी पक्की साक्षीदार नाही. पण जे झालं नाही, ते तिला दिसतच नाही. मी मोठी फी भरून मोठ्या ठिकाणी शिकले असते तर काय झालं असतं, हे बावीस वर्षांच्या बासनांत कुठेही नाही. कचेरीत माझ्यासमोर बसणारी काही मुलं पहिल्याच दिवशी असा आकडा मागतात, जिथं पोचायला मला नऊ वर्षं लागली. त्यांच्यातली काही दोन वर्षांत थकून जातात, काही पुढे जातात. हे कुठल्या बाजूला लिहायचं?

"न झालेला सौदा वहीत लिहीत नाहीत," अण्णा बऱ्याच वेळानं म्हणाले. "पण व्यापारी तो विसरत पण नाही." मग त्यांनी मार्केट यार्डातल्या एका गाळ्याची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी तो त्यांना मिळत होता. तांबडीला विचारलं, तिनं नको सांगितलं, त्यांनी सोडला. त्या गाळ्याची तेव्हाची किंमत त्यांना रुपयापर्यंत पाठ होती. वारही. "मंगळवार होता," म्हणाले. दादा दारात येऊन ऐकत होता. त्यालाही हे नवीन होतं.

"म्हणजे जाऊ?" भाचीनं विचारलं.

"तांबडीनं 'जा' असं सांगितलेलं नाही. गेलीस तर बुडणार नाहीस, एवढं सांगितलंय. त्याच्या पुढचं तिला कळत नाही. ते तुझं तू बघ."

ती थोडा वेळ बसली आणि चौथ्या घडीवर तिनं आडवी रेघ मारली.

मग घरचे दोन लाख. बँकेच्या कागदावर कर्जदार ती आणि सहकर्जदार दादा, पण हे दोन लाख अण्णांचे. त्यांनी तांबडी आपल्याकडे ओढली, कोरं पान शोधायला पानं उलटली आणि हात थरथरतो म्हणून भाचीकडे दिली. "तूच शोध गं."

ती शोधता शोधता थांबली. "आत्या! हे काय? तुझं नाव आहे. मागील बाकी, नावे रुपया एक."

सगळे हसले. मीही. पर्स शेजारीच होती. मी त्यातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि पानावर ठेवलं. "घ्या अण्णा. सतरा वर्षं झाली. व्याज माफ करा."

अण्णांनी नाणं बोटानं माझ्याकडे परत सरकवलं, तेव्हा सरकवलं होतं तसंच.

"राहू दे. मिटलेलं खातं पाडव्याला पुढं येत नाही."

भाचीला कोरं पान सापडलं होतं. अण्णा तिचं पूर्ण नाव सांगत होते आणि ती लिहीत होती. मी जमिनीवरची बासनं एकेक करून सोडली. २००८. २००९. २०१०. प्रत्येकात, उधारीची नावं संपत आली की शेवटी, माझं नाव. २०१९ च्या वहीत शाई फुटलेली. त्यानंतरच्या वह्यांत अक्षर तिरकं होत गेलेलं, गेल्या दिवाळीच्या वहीत माझ्या आडनावाचं एक वळण दोनदा गिरवलेलं. सतरा पाडवे.

मी बासनांच्या गाठी पुन्हा बांधल्या आणि रुपया पर्समध्ये टाकला. दिवाळीला अजून पाच महिने होते.